संध्याकाळी वजनकाट्यांची जोडणी का तुटते: अपाचेचा सेशन कॅश चालू असूनही उपयोगी न पडण्याची कारणे

रावेर, सावदा, फैजपूर, यावल आणि चोपडा या पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या एका गटाचा सर्व्हर मी गेली काही वर्षे सांभाळतो. हा सर्व्हर जळगावातील एका कार्यालयात आहे. चार कोरचे जुने यंत्र, त्यावर डेबियन ही कार्यप्रणाली आणि अपाचे २.४ हा वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम एवढाच हा संसार आहे. त्याच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. पहिली म्हणजे वजनकाट्यांवरील छोटी यंत्रे. भरलेल्या गाडीचे वजन झाले की ती सुरक्षित जोडणी उघडतात, नोंद पाठवतात आणि जोडणी बंद करतात. गाडी नसेल तेव्हाही दर दहा मिनिटांनी आपण चालू असल्याची खूण देतात. दुसरी म्हणजे शेतकऱ्यांचे मोबाइल. गटाचा दुसऱ्या दिवसाचा कापणी भाव संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास टाकला जातो, आणि त्या अर्ध्या तासात जवळजवळ सगळे सभासद एकदमच तो पाहायला येतात.

तक्रार तीन उन्हाळे एकच होती. संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान काट्यावरील यंत्राला ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असा संदेश येई, पावती अडके, आणि मागे ट्रॅक्टर व ट्रकची रांग लागे. आठनंतर सगळे आपोआप सुरळीत होई. पावसाळा लागून कापणीचा जोर ओसरला की तक्रारही विरून जाई, त्यामुळे दरवर्षी आपण ती दुरुस्त केली असे आम्हाला वाटत असे. प्रत्यक्षात ती कधीच दुरुस्त झालेली नव्हती.

पहिल्या वर्षी दोष उन्हाला दिला गेला. मे महिन्यात जळगाव–भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि सर्व्हरची खोली पश्चिमेला आहे, म्हणून हा तर्क सगळ्यांना पटला. खोलीत कूलर आला, दमट हवेने दोन पंखे गंजले, तक्रार तशीच राहिली. प्रोसेसर खरोखरच तापत होता, पण तो ताप कामाच्या भारामुळे होता. दुसऱ्या वर्षी दोष मोबाइल नेटवर्कला दिला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांत ते कमजोर आहेच, त्यामुळे तोही तर्क खपला. तिसऱ्या वर्षी कार्यालयातील एका उत्साही सहकाऱ्याने रोज संध्याकाळी साडेसहाला अपाचे आपोआप रीस्टार्ट करण्याची व्यवस्था क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लावली. गर्दीच्या आधी सर्व्हर ‘ताजातवाना’ व्हावा, हा हेतू. त्या वर्षी तक्रारी सर्वांत जास्त आल्या. याचे कारण पुढे येईलच.

भार कशाचा आहे, हे पाहायला मी बराच उशीर केला, हे कबूल करतो. अडचणीच्या वेळी प्रोसेसरचे चारही कोर पूर्ण भरलेले असत. मात्र डेटाबेस निवांत असे, डिस्क निवांत असे, आणि भावाचे पान म्हणजे तर एक साधी स्थिर फाइल होती. प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या पर्फ या साधनाने पाहिले तेव्हा बहुतेक वेळ ओपनएसएसएलच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीचे गणित करणाऱ्या लायब्ररीच्या, मोठ्या संख्यांच्या गुणाकारात जात असल्याचे दिसले. म्हणजे सर्व्हर पाने देण्यात गुंतलेला नव्हता, तर ओळखपाळख करून घेण्यात, अर्थात सुरक्षित जोडणीचा प्रोटोकॉल असलेल्या टीएलएसच्या हँडशेकमध्ये गुंतलेला होता.

हँडशेकची किंमत आणि ती वाचवण्याची सोय

टीएलएस १.२ मध्ये पूर्ण हँडशेक करायचा तर संदेश जाऊन उत्तर येण्याच्या दोन फेऱ्या लागतात, त्याआधी साधी जोडणी उभारणाऱ्या टीसीपीची एक फेरी वेगळी, आणि सर्व्हरला आपल्या खासगी कीने एक महाग क्रिया करावी लागते. ती की आरएसए या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या प्रकारची असेल तर तिचा आकार फार महत्त्वाचा ठरतो, कारण ४०९६ बिटांच्या कीने सही करण्याचा खर्च २०४८ बिटांच्या कीपेक्षा साधारण ६ ते ७ पट असतो. आमची की ४०९६ बिटांची होती. ती कुणी आणि का केली याची नोंद नाही. मोठे म्हणजे चांगले, एवढाच विचार त्यामागे असावा.

हा खर्च प्रत्येक वेळी करावा लागू नये म्हणून एकदा झालेली ओळख पुन्हा वापरण्याची सोय या प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून आहे. तिचे दोन मार्ग आहेत. जुन्या मार्गात सर्व्हर ग्राहकाला सेशन क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाशी जोडलेले गुपित स्वतःकडे जपून ठेवतो. ग्राहक परत आला आणि त्याने तो क्रमांक सांगितला की एका फेरीत काम होते आणि खासगी कीला हातही लावावा लागत नाही. आरएफसी ५०७७ या २००८ च्या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात वर्णन केलेल्या दुसऱ्या मार्गात सर्व्हर ते गुपित स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करून ग्राहकाच्याच हाती देतो. त्याला सेशन तिकीट म्हणतात. इथे सर्व्हरला काही लक्षात ठेवावे लागत नाही, मात्र ती किल्ली टिकली पाहिजे. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये पुन्हा ओळख पटवण्याचे सगळे काम तिकिटांच्याच रूपात होते; तिथे फेऱ्या फारशा वाचत नाहीत, पण सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र पाठवणे आणि सही करणे वाचते.

पहिल्या मार्गात शेअर्ड मेमरी का लागते, हेही सांगून टाकतो. अपाचेच्या अनेक प्रोसेस, म्हणजे चालू प्रती, एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र असते. काट्याचे यंत्र पहिल्यांदा एका प्रोसेसकडे गेले आणि पुढच्या वेळी दुसरीच्या हाती लागले, तर दुसरीला पहिलीने दिलेला क्रमांक माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून सगळ्या प्रोसेसना दिसेल असा मेमरीचा एक सामाईक तुकडा ठेवतात आणि सेशनच्या नोंदी त्यात लिहितात; हाच सेशन कॅश. अपाचेत हे काम सोकॅश-एसएचएमसीबी नावाचे मॉड्यूल करते. काट्यावरची जाडजूड नोंदवही डोळ्यांपुढे आणावी: पाने ठरलेली, वही संपली की नवी आणायची नाही, सर्वांत जुने पान खोडून त्यावरच नवी नोंद करायची. या वहीचे पुन्हा छोटे विभाग असतात. कोणती नोंद कोणत्या विभागात जाईल हे सेशन क्रमांकावरून ठरते आणि प्रत्येक विभाग आपापल्या पानांपुरताच असतो.

आमच्या काट्यांवरील यंत्रे जुनी आहेत. त्यांना टीएलएस १.२ येते पण तिकिटे समजत नाहीत, म्हणजे त्यांची सारी भिस्त या वहीवर. मोबाइल मात्र टीएलएस १.३ बोलतात आणि तिकिटे वापरतात. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण आमच्या दुखण्याचे मूळ या दोघांच्या सरमिसळीत होते.

कॅश चालू होता, तपासणीही पास होत होती

या विषयावर शोधले की बहुतेक ठिकाणी ‘एसएसएलसेशनकॅश (सेशन कॅशचे अपाचेतील सेटिंग) चालू करा’ एवढाच सल्ला मिळतो. अपाचेत या सेटिंगचे मूळ मूल्य ‘नन’, म्हणजे कॅश नाही, असे आहे, त्यामुळे स्वतः संकलित केलेल्या अपाचेसाठी तो सल्ला योग्यच आहे. पण डेबियनच्या पॅकेजमध्ये हा कॅश आधीच ५,१२,००० बाइटांचा आणि ३०० सेकंदांच्या मुदतीचा ठेवलेला असतो, आणि रेड हॅटच्या कुळातही हेच आकडे दिसतात. म्हणून मी फाइल उघडली, ओळ पाहिली, समाधान पावलो आणि फाइल बंद केली. हीच चूक मी दोन उन्हाळे करत होतो.

मी चाचणीही घेतली होती. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट आज्ञेला ‘रीकनेक्ट’ हा पर्याय दिला की ती त्याच सेशनने पाच वेळा पुन्हा जोडणी करते आणि प्रत्येक वेळी ‘न्यू’ की ‘रीयूज्ड’ हे छापते. सोबत टीएलएस १.२ ची सक्ती करणारा आणि तिकिटे बंद करणारा असे दोन पर्यायही द्यावे लागतात. टीएलएस १.३ वर ही चाचणी दिशाभूल करते, कारण तिकीट हँडशेक संपल्यानंतर येते. आणि तिकिटे चालू ठेवली तर नेमके काय तपासले, वही की तिकीट, हे कळत नाही. माझ्या चाचणीत पहिली जोडणी ‘न्यू’ आणि पुढच्या पाचही ‘रीयूज्ड’ आल्या. कॅश उत्तम चालतो, असा निष्कर्ष मी काढला.

तो निष्कर्ष चुकीचा होता, कारण पाचही जोडण्या एका सेकंदाच्या आत झाल्या होत्या आणि काटा दहा मिनिटांनी परत येतो. खरी चाचणी अशी घ्यावी: एस-क्लायंटच्या ‘सेस-आउट’ पर्यायाने सेशन एका फाइलमध्ये साठवावे, आपला खरा ग्राहक जितक्या वेळाने परत येतो तितका वेळ थांबावे, आणि मग ‘सेस-इन’ पर्यायाने तीच फाइल देऊन पुन्हा जोडणी करावी. दहा मिनिटांनी मला ‘न्यू’ मिळाले. भर दुपारी, सर्व्हर रिकामा असताना सुद्धा ‘न्यू’च मिळाले. मुदत ३०० सेकंदांची आणि काट्याची फेरी ६०० सेकंदांची. वहीतील पान काटा परत येण्याच्या पाच मिनिटे आधीच रद्द झालेले असे. लागोपाठ गाड्या लागल्या तरच त्या वहीचा काही उपयोग होई. दुपारी हे कोणाच्या लक्षात येत नव्हते, कारण रिकाम्या सर्व्हरला एक पूर्ण हँडशेक म्हणजे काहीच नाही.

आकडे कुठे पाहावेत

यानंतर अंदाज सोडून मोजमाप सुरू केले. अपाचेची स्थिती दाखवणारे मॉड-स्टेटसचे पान फक्त त्याच यंत्रावरून उघडेल असे ठेवले, तर त्याच्या तळाशी सेशन कॅशची स्थिती दिसते. आमच्याकडे तिथे ३२ विभाग आणि प्रत्येकात ८८ नोंदींची जागा, म्हणजे एकूण २,८१६ नोंदी असे दाखवले जात होते. त्याखालील चार आकडे महत्त्वाचे आहेत: मुदत संपून गेलेल्या नोंदी, मुदत संपण्याआधीच बाहेर ढकलल्या गेलेल्या नोंदी, शोध लागलेल्या वेळा आणि शोध न लागलेल्या वेळा.

हे आकडे एकत्र वाचावे लागतात. शोध न लागण्याचे प्रमाण मोठे असेल आणि मुदत संपलेल्या नोंदीही भरपूर असतील, तर ग्राहक उशिरा येतो आहे, मुदत वाढवावी. शोध लागत नाही आणि मुदतीआधी ढकललेल्या नोंदी वेगाने वाढत आहेत, तर वही अपुरी आहे. आणि शोधच फारसे होत नसतील, ना सापडलेले ना चुकलेले, तर ग्राहक आपला जुना क्रमांक सांगतच नाही. तिथे सर्व्हरवर कितीही मेमरी ओतली तरी उपयोग नाही, दोष ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. सर्व्हरवर टीएलएस १.३ बंद असेल तर नवे मोबाइल केवळ सुसंगतीसाठी एक मनाने बनवलेला क्रमांक पाठवतात, तो अर्थातच सापडत नाही, आणि चुकलेल्या शोधांचा आकडा विनाकारण फुगतो.

कोणता ग्राहक पुन्हा ओळखला गेला हे एकेका जोडणीनुसार हवे असेल, तर लॉगच्या नमुन्यात ‘एसएसएल-सेशन-रिझ्यूम्ड’ हे चल घालावे. प्रत्येक ओळीत ‘इनिशियल’ किंवा ‘रिझ्यूम्ड’ असा शेरा येतो. सर्व तपासात ही एकच ओळ मला सर्वाधिक उपयोगी पडली, कारण तिने काटे आणि मोबाइल वेगळे करून दाखवले.

वही भरली कोणी?

काट्यांची संख्या पन्नासही नाही. २,८१६ नोंदींची वही त्यांनी भरणे शक्यच नव्हते. तरी संध्याकाळी पावणेसात वाजले की मुदतीआधी ढकललेल्या नोंदींचा आकडा झरझर चढत असे. मोबाइल तर तिकिटे वापरतात, त्यांचा वहीशी संबंध काय, असे मी धरून चाललो होतो, आणि टीएलएस १.२ पुरते ते खरेही आहे. तिकीट दिले की ओपनएसएसएल ती नोंद कॅशमध्ये पाठवत नाही. टीएलएस १.३ मध्ये मात्र तसे नाही. तिकीट ग्राहकाच्या हाती दिले तरी, काही प्रोग्रॅमना नवे सेशन तयार झाल्याची वर्दी हवी असते म्हणून, ओपनएसएसएल बाहेरच्या कॅशला ती नोंद कळवतेच. भरीत भर म्हणजे पूर्ण हँडशेकनंतर ती मुळात एक नव्हे तर दोन तिकिटे देते. आमच्या आवृत्तीत यातील प्रत्येक तिकिटामागे वहीत एक नोंद पडत होती, जी पुढे कधीही वाचली जाणार नव्हती.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक मोबाइलमागे दोन निरुपयोगी पाने, म्हणजे सुमारे १,४०० मोबाइल आले की सगळी वही त्यांनीच भरली. भाव पाहायला येणाऱ्यांची गर्दी त्याहून मोठी. काट्यांच्या मोजक्या नोंदी त्या लोंढ्यात केव्हाच वाहून जात, आणि ज्या वेळी काट्याला ओळखीची सर्वांत जास्त गरज असे त्याच वेळी सर्व्हर त्याला ओळखत नसे. नुसती मुदत वाढवून हे सुटले नसते, उलट बिघडले असते, कारण मुदत वाढली की निरुपयोगी पानेही तेवढाच जास्त वेळ जागा अडवतात. मी आधी मुदत तेवढी वाढवून पाहिली आणि संध्याकाळचा त्रास तसाच राहिला, तेव्हा मला हा सगळा तर्कच खोटा वाटू लागला होता.

आता साडेसहाच्या रीस्टार्टविषयी. अपाचे रीस्टार्ट झाला की सामाईक मेमरीचा तो तुकडा मोडून नवा बांधला जातो. वही कोरी होते. एवढेच नाही, तर तिकिटे कुलूपबंद करणारी किल्ली फाइलमध्ये ठेवलेली नसेल तर तीही दर वेळी नव्याने तयार होते, आणि आधी वाटलेली सर्व तिकिटे रद्दी ठरतात. ‘ग्रेसफुल’ प्रकारच्या रीलोडने, म्हणजे सेवा न थांबवता सेटिंग पुन्हा वाचण्याने, चालू जोडण्या तुटत नाहीत एवढेच. कॅश आणि किल्ल्या मात्र नव्याने तयार होतात. म्हणजे गर्दीच्या पंधरा मिनिटे आधी आम्ही स्वतःच सर्व ग्राहकांची ओळख पुसून टाकत होतो. मग प्रत्येक मोबाइल पूर्ण हँडशेक मागे, प्रत्येक पूर्ण हँडशेक ४०९६ बिटांच्या कीने एक सही मागे, चारही कोर भरत, काट्याचे यंत्र दहा सेकंद वाट पाहून कंटाळून जोडणी तोडे आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करे. त्याचा प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे आणखी एक पूर्ण हँडशेक. मधला अर्धवट हँडशेक वाया गेला, त्यावर झालेला खर्च मात्र झालाच. आठच्या सुमारास गर्दी ओसरली की ही साखळी आपोआप सुटत असे, आणि त्याचे श्रेय साडेसहाच्या रीस्टार्टला मिळत असे.

दुरुस्ती

सर्वांत आधी क्रॉनमधील ती ओळ काढली. केवळ एवढ्यानेच त्या आठवड्यातल्या तक्रारी बऱ्याच घटल्या, फुकटातली दुरुस्ती. लॉग फिरवण्यासाठी होणारा रोजचा रीलोड मध्यरात्री होतो, त्याला तसाच ठेवला, कारण त्या वेळी काटे थंड असतात आणि मोबाइलही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाल्यावर होणारा रीलोड मात्र दिवसाच्या कोणत्याही वेळी होऊ शकत होता. तो पहाटेच्या वेळेला बांधला.

मग वहीचा आकार. तो ठरवण्यासाठी गर्दीच्या वेळी दर सेकंदाला किती नव्या नोंदी पडतात हे स्थितीच्या पानावरून दोनदा आकडा घेऊन मोजावे आणि त्याला मुदतीच्या सेकंदांनी गुणावे. समजा सेकंदाला १० नवे मोबाइल येत आहेत, प्रत्येकामागे दोन नोंदी, आणि मुदत १,८०० सेकंद ठेवायची आहे. तर ३६,००० नोंदींची जागा लागते. आमच्या जुन्या वहीत ५,१२,००० बाइटांत २,८१६ नोंदी, म्हणजे एका नोंदीला साधारण १८० बाइट पडत होते. त्या हिशेबाने साडेसहा एमबी होतात. थोडी मोकळीक ठेवून १० एमबी, म्हणजे १,०४,८५,७६० बाइट दिले. आजच्या यंत्रात १० एमबी म्हणजे काहीच नव्हे. ग्राहकाकडूनही प्रमाणपत्र मागत असाल तर मात्र हा हिशेब चालत नाही. तेव्हा ग्राहकाचे प्रमाणपत्रही नोंदीत जपले जाते, एकेक नोंद कितीतरी मोठी होते, आणि पानांची संख्या पुरेशी दिसत असूनही जागा आधी संपते. स्थितीच्या पानावर नोंदींचा वापर आणि जागेचा वापर असे दोन वेगळे टक्के याचसाठी दिलेले असतात.

आकार बदलल्यावर रीलोडवर समाधान न मानता सेवा एकदा पूर्ण बंद करून चालू करावी, आणि स्थितीच्या पानावर नवा आकार खरोखर दिसतो का ते पाहावे.

त्यानंतर मुदत. ती ३०० वरून १,८०० सेकंद केली. काट्याची फेरी ६०० सेकंदांची आहे, एखाद-दुसरी खूण नेटवर्कमुळे चुकली तरी ओळख टिकावी, म्हणून तिप्पट. याहून फार वाढवण्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे. टीएलएस १.२ चे नियम ठरवणारा दस्तऐवज, म्हणजे आरएफसी ५२४६, सेशनच्या आयुष्यासाठी २४ तासांची कमाल मर्यादा सुचवते, पण ती कमाल आहे. जोपर्यंत नोंद मेमरीत आहे तोपर्यंत त्या सेशनचे गुपितही मेमरीत आहे, आणि पुन्हा ओळखलेल्या जोडणीत प्रमाणपत्रांची देवाणघेवाण नव्याने होत नाही. केवळ आकडे छान दिसावेत म्हणून चोवीस तासांची मुदत ठेवणे मला पटत नाही.

तिकिटांची किल्ली फाइलमध्ये ठेवून रीस्टार्टनंतरही तिकिटे जिवंत ठेवण्याची सोय अपाचेत आहे. ४८ बाइटांची यादृच्छिक फाइल तयार करून तिचा पत्ता दिला की झाले. मी ती वापरली नाही. ती किल्ली नियमाने बदलावी लागते, न बदलल्यास एका किल्लीच्या चोरीने अनेक दिवसांचा संवाद उघडा पडू शकतो, आणि आमच्या कार्यालयात ‘नियमाने बदलावी’ याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

शेवटी पूर्ण हँडशेकचाच खर्च कमी केला, कारण नवा ग्राहक पहिल्यांदा येतो तेव्हा कोणताही कॅश त्याला मदत करत नाही. आरएसए की २०४८ बिटांची केली आणि तिच्या जोडीला पी-२५६ वक्रावरील ईसीडीएसए, म्हणजे सहीच्या दुसऱ्या पद्धतीचे, प्रमाणपत्र लावले. अपाचे एकाच ठिकाणी दोन्ही ठेवू देतो. मोबाइल ईसीडीएसए निवडतात, ज्याची सही सर्व्हरला कितीतरी स्वस्त पडते. काट्याची जुनी यंत्रे आरएसएवर राहतात. आपल्या यंत्रावर फरक किती पडेल ते ओपनएसएसएलच्या ‘स्पीड’ आज्ञेने दोन मिनिटांत पाहता येते.

एनजिनएक्स वापरणाऱ्यांसाठी

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्येही सेशन कॅशचे मूळ मूल्य ‘नन’ आहे, आणि ते ‘ऑफ’पेक्षा वेगळे आहे: ‘ऑफ’ ग्राहकाला स्पष्ट नकार देते, तर ‘नन’ होकार देऊन प्रत्यक्षात काहीच साठवत नाही. ‘बिल्टइन’ प्रकार प्रत्येक वर्करपुरता, म्हणजे एकेका प्रोसेसपुरता, वेगळा असतो, तो नको. ‘शेअर्ड’ घ्यावा, त्यात १ एमबीला सुमारे ४,००० सेशन मावतात. मुदत तिथेही मुळात पाच मिनिटांचीच आहे, म्हणजे आमच्या काट्यांची गत तिथेही तीच झाली असती. दोन बाबतींत मात्र परिस्थिती बरी आहे. नाव आणि आकार तेच ठेवले तर रीलोडनंतरही सामाईक मेमरी टिकते, आणि १.२३.२ या आवृत्तीपासून तिकिटवाल्या टीएलएस १.३ सेशनच्या निरुपयोगी नोंदी कॅशमध्ये टाकणे बंद झाले आहे. त्याच आवृत्तीपासून तिकिटांच्या किल्ल्या सामाईक मेमरीत ठेवून आपोआप बदलल्याही जातात. शिवाय काट्यांसाठी आणि मोबाइलसाठी दोन वेगळे कॅश ठेवता येतात. अपाचेत कॅश संपूर्ण सर्व्हरसाठी एकच असतो, ही मोकळीक तिथे नाही.

सामाईक मेमरी ही एका यंत्रापुरतीच सामाईक असते, हेही विसरू नये. दोन सर्व्हर ठेवून आळीपाळीने जोडण्या वाटल्या तर निम्म्या वेळा ग्राहक अनोळखी सर्व्हरकडे जाणार. अशा वेळी एक ग्राहक एकाच यंत्राकडे जाईल अशी वाटणी करावी, किंवा अपाचेत एसएचएमसीबीऐवजी मेमकॅशचा, म्हणजे नेटवर्कवरून अनेक यंत्रांना वापरता येणाऱ्या कॅशचा, पर्याय घ्यावा.

अजून राहिलेले

या दुरुस्तीनंतरच्या उन्हाळ्यात मुदतीआधी ढकललेल्या नोंदींचा आकडा शून्यावरच राहिला, आणि भाव टाकण्याच्या वेळीही लॉगमध्ये काट्यांसमोर ‘रिझ्यूम्ड’ दिसत राहिले. कूलर अजून खोलीत आहे, आता तो आमच्यासाठी चालतो.

दोन तक्रारी उरल्या आहेत. वीज गेली आणि परत आली की त्या भागातील सगळे काटे एकाच मिनिटात जागे होतात आणि सगळेच पूर्ण हँडशेक मागतात, कारण यंत्र बंद पडल्यावर क्रमांक त्याच्याच मेमरीतून गेलेला असतो. सर्व्हरच्या वहीत तो असून उपयोग नाही. त्यातच एखाद्या यंत्रातील घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर त्याची तारीख काही वर्षे मागे जाते, प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरू न झालेले’ वाटते, आणि ते जोडणी नाकारून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. याला उपाय नवी बॅटरी हाच आहे. भारनियमनानंतर लॉगमध्ये एकाच काट्याचे अपयशी हँडशेक सलग दिसले, तर मी आधी त्या काट्यावरच्या भाऊंना फोन करून पडद्यावर कोणती तारीख आहे ते विचारतो.

दुसरी तक्रार दोन काट्यांची. त्यांच्यासमोर लॉगमध्ये नेहमीच ‘इनिशियल’ येते. त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसाठी ओपनएसएसएलची सगळी मांडणी नव्याने करतो आणि काम झाले की फेकून देतो, त्यामुळे सांगायला त्याच्याजवळ जुना क्रमांकच नसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मांडणी एकदाच करून सेशन जपून ठेवायला आणि पुढच्या जोडणीला ते पुन्हा द्यायला सांगितले आहे. बदल होईपर्यंत त्या दोन काट्यांवरील यंत्रांची थांबण्याची मर्यादा दहावरून तीस सेकंद करून ठेवली आहे.